वसतिगृहाच्या सांडपाण्याची तपासणी करावी का, आणि केलीच तर कशी?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. सोलापुरात विजापूर रस्त्याच्या परिसरातील मुलींच्या एका वसतिगृहाची मी रेक्टर आहे. आमच्याकडे सुमारे दोनशे मुली राहतात. बहुतेक जणी अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, पंढरपूर या भागांतल्या असून काही सीमेपलीकडच्या इंडी-विजापूरकडच्याही आहेत. गेल्या पावसाळ्यात आधी तापाची आणि पाठोपाठ काविळीची साथ वसतिगृहात फिरली. काही मुलींना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकीचे सत्र वाया गेले. आता आमच्या नियामक मंडळातील एका सदस्यांनी एका खासगी प्रयोगशाळेचा प्रस्ताव आणला आहे. वर्षभर, दर आठवड्याला, प्रत्येक मजल्याच्या पाइपमधून सांडपाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात विषाणू शोधायचे आणि ‘साथ येण्याआधीच’ आम्हाला कळवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप गटाला हे फार पटले असून अहवाल थेट गटावर टाकावेत, अशी त्यांची मागणी आहे. मुली मात्र अस्वस्थ आहेत. एकीने मला विचारले, ‘मॅडम, ह्यातून आमचं अजून काय काय कळतं?’ मला नीट उत्तर देता आले नाही. ही तपासणी करावी का? केली तर मुलींचा विश्वास कसा राखावा? आणि विषाणू सापडला तर मी नेमके काय करायचे?

— एक रेक्टर, सोलापूर

उत्तर

सस्नेह नमस्कार.

प्रस्ताव आज ज्या स्वरूपात आपल्यासमोर आहे, त्या स्वरूपात त्यावर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासणीची कल्पना मात्र टाकाऊ नाही. वर्षभराऐवजी पावसाळ्याचे चार महिने, मजल्यागणिक नमुन्यांऐवजी संपूर्ण इमारतीचा एकच नमुना, आणि अहवाल हाती आल्यावर कोणी काय करायचे हे आधी कागदावर ठरलेले, इतके बदल झाले तर आपल्या वसतिगृहाला तिचा उपयोग होऊ शकेल. त्याआधी पिण्याच्या पाण्याचे एक काम करावे लागेल. ते या तपासणीपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि गेल्या वर्षीच्या काविळीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

या पद्धतीमागचे शास्त्र भक्कम आहे, हे प्रथम मान्य करायला हवे. अनेक विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि पुष्कळदा तो आजारी दिसू लागण्याआधीच पडू लागतात. आजारी माणूस दवाखान्यात गेला नाही, त्याने ताप लपवला किंवा त्याला काही जाणवलेच नाही, तरी संडासचा वापर तो करतोच. पोलिओच्या बाबतीत आपल्या देशाने याच गोष्टीचा आधार घेतला. मुंबईतील गटारांच्या पाण्यात पोलिओचा विषाणू शोधण्याचे काम २००१ पासून सुरू आहे, आणि जानेवारी २०११ मध्ये देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळल्यानंतरही ते थांबवलेले नाही. इस्राएलमध्ये २०१३ साली एकाही मुलाला लकवा झालेला नसताना सांडपाण्यात पोलिओ सापडला आणि मुलांना पुन्हा डोस पाजण्यात आले.

विद्यार्थ्यांच्या निवासांत ही पद्धत गाजली ती कोविडच्या काळात. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात ऑगस्ट २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू आढळला. विद्यापीठाने तिथे राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या ३११ जणांची तपासणी केली, तेव्हा कोणतीही लक्षणे नसलेले दोन विद्यार्थी बाधित निघाले आणि त्यांना वेगळे ठेवण्यात आले. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने पुढे शंभराहून अधिक स्वयंचलित नमुनायंत्रे बसवून तीनशेहून अधिक इमारतींवर लक्ष ठेवले, आणि आवारातील सुमारे ८५ टक्के रुग्ण लवकर हाती लागण्यास त्याची मदत झाल्याचे नोंदवले. आपल्या मंडळाच्या सदस्यांनी बहुधा अशाच बातम्या वाचल्या असाव्यात.

परंतु त्या बातम्यांतली एक गोष्ट सहसा वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते. सांडपाण्याने दाखवली ती इमारत. दोन विद्यार्थी सापडले ते प्रत्येकाच्या नाकातल्या नमुन्यातून. त्या विद्यापीठाकडे तपासणीची साधने होती, ती करणारी माणसे होती आणि बाधितांना ठेवायला मोकळ्या खोल्या होत्या. यातले काहीच हाताशी नसताना केवळ ‘विषाणू आढळला’ असा कागद मिळाला, तर त्यातून निष्पन्न होते ती धास्ती. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीला दर विचारण्याआधी आपल्याच मंडळाला हे विचारावे, की अहवाल वाईट आला तर त्या रात्री वसतिगृहात काय होणार आहे.

आता आपल्याकडच्या दोन आजारांकडे स्वतंत्रपणे पाहू, कारण पत्रात ते एकत्र आले असले तरी या तपासणीच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

ताप कसला होता, ते आपण लिहिलेले नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वसतिगृहांत पसरणारा ताप बऱ्याचदा डेंग्यूचा किंवा चिकुनगुन्याचा असतो. हे आजार डासांमार्फत पसरतात. अशा विषाणूंसाठी वसतिगृहाच्या पातळीवर सांडपाण्यावर विसंबता येईल, अशी स्थिती अजून आलेली नाही. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे प्रत्येक स्वच्छतागृहात बादल्या, टिप आणि पिंप भरून ठेवलेले असतात आणि डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला नेमके असेच साठवलेले स्वच्छ पाणी लागते. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून, पालथी घालण्याचा कोरडा दिवस पाळावा. नुसते पाणी ओतून दिल्याने कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत, म्हणून घासण्यावर भर द्यावा. त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

काविळीचे गणित वेगळे आहे. दूषित पाण्यातून आणि अन्नातून होणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. संसर्ग झाल्यापासून डोळे पिवळे दिसेपर्यंत ए प्रकारात सरासरी चार आठवडे जातात आणि ई प्रकारात दोन ते आठ आठवडे लागू शकतात. या काळाच्या शेवटच्या एक-दोन आठवड्यांत, म्हणजे मुलगी वर्गात बसते आहे, मेसमध्ये जेवते आहे, मैत्रिणीच्या डब्यातले खाते आहे, तेव्हाच तिच्या विष्ठेतून विषाणू मोठ्या प्रमाणात बाहेर पडत असतो. कावीळ उघड दिसेपर्यंत ए प्रकाराचा संसर्ग पसरण्याचा मुख्य काळ बराचसा उलटून गेलेला असतो. पहिल्या मुलीचे निदान होण्याआधी सांडपाण्यातून इशारा मिळू शकतो, तो याच फटीत. त्यामुळे आपल्या वसतिगृहात काही शोधायचेच असेल तर ते हे दोन विषाणू शोधावेत. प्रयोगशाळेच्या यादीत केवळ कोरोना आणि इन्फ्लुएन्झा असतील, तर आपल्याला नको असलेली गोष्ट आपल्याला विकली जात आहे, असे समजावे.

उलट्या-जुलाबांच्या नोरोविषाणूसाठीही पैसे घालवू नयेत. तो सांडपाण्यात सहज सापडतो हे खरे. पण संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत माणूस आजारी पडतो, आणि आठवड्याला एक नमुना घेऊन तीन-चार दिवसांनी अहवाल मिळेतो वसतिगृहातल्या निम्म्या मुली उलट्या करून बऱ्याही झालेल्या असतील.

मी सुरुवातीला ज्या कामाचा उल्लेख केला, ते आता सांगतो. काविळीची साथ आली याचा अर्थ कुठेतरी मैला पिण्याच्या पाण्यापर्यंत किंवा ताटापर्यंत पोहोचला होता. गटारात विषाणू शोधण्याआधी तो मार्ग शोधावा. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेचे पाणी जिथून उचलले जाई तिथे शहराचे सांडपाणी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो ई प्रकार होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले. आपल्या राज्यात इचलकरंजीने २०१२ साली अशीच मोठी साथ अनुभवली. ज्या गावात नळ चार दिवस कोरडे असतात, तिथे धोका दुहेरी असतो. जलवाहिनी रिकामी असताना तिच्या सांध्यांतून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढले जाते, आणि ते पाणी सुटल्यावर पहिल्याच लोटात आपल्या संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, येऊन पडते. शिवाय संपात आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी दिवसेंदिवस साठून राहिले की त्यातला क्लोरीन उडून जातो. पालिकेने पाणी शुद्ध करून सोडले, हे खरे असले तरी चौथ्या दिवशी आपल्या टाकीतल्या पाण्याविषयी त्यावरून काहीच सांगता येत नाही.

त्यामुळे या आठवड्यात स्वतः उभ्या राहून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जमिनीखालचा संप आणि मैलापाण्याचे चेंबर यांत अंतर किती आहे, आणि पाऊस पडून अंगण तुंबले की चेंबरचे पाणी संपाच्या झाकणापर्यंत येते का. दुसरी, उरलेला क्लोरीन. ओटी चाचणीची छोटी बाटली मिळते. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी तसेच राहिले तर नाही. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा, असा निकष आहे. पाणी येते त्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी, अशा दोन्ही वेळी मेसच्या नळाला आणि वरच्या मजल्यावरच्या कूलरला ही चाचणी करावी. दोन्ही नोंदींतला फरक पाहिला की मंडळाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कूलर. पाणी शुद्ध करणारे यंत्र बसवलेले असते, पण त्यातून पाणी ज्या टाकीत पडते ती शेवटची कधी घासली, हे बहुतेक ठिकाणी कोणालाच सांगता येत नाही. हे सगळे दुरुस्त होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच द्यावे, आणि उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ती चालू ठेवावी.

हे झाल्यावर सांडपाण्याकडे वळायला हरकत नाही. नमुना कुठून आणि कधी घेतला यावर सगळे अवलंबून असते, आणि इथेच चकचकीत प्रस्तावांची गफलत होते. आपली इमारत मनपाच्या भुयारी गटाराला जोडलेली आहे की सेप्टिक टँकला, हे आधी पाहावे. सेप्टिक टँक असेल तर त्यातला नमुना निरुपयोगी, कारण तिथे कित्येक दिवसांचा मैला एकत्र साठलेला असतो आणि आजचे काय आणि मागच्या पंधरवड्याचे काय, हे वेगळे करता येत नाही. टाकीत शिरण्याआधीच्या चेंबरमधूनच नमुना घ्यावा.

त्या चेंबरचे झाकण एकदा दिवसाउजेडी उघडून घ्यावे आणि आत पाहावे. साधारणपणे दोन-तीन पाइप येऊन मिळताना दिसतात: एक संडासांचा, एक न्हाणीघरांचा आणि पुष्कळदा मेसच्या मोरीचाही. मोरीच्या पाइपखाली तेलाचा पिवळट थर जमलेला असतो आणि त्यावर भाताची शिते तरंगत असतात. नमुना मेसचा पाइप मिळण्याच्या आधी, वरच्या अंगाला घ्यावा. तेलामुळे प्रयोगशाळेतील प्रक्रिया बिघडते हे एक कारण झाले, पण दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. सांडपाण्यात मानवी विष्ठेचे प्रमाण किती आहे, हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ मिरचीच्या झाडाला होणाऱ्या, पण माणसाला निरुपद्रवी असलेल्या एका विषाणूचा आधार घेतात. मिरची खाणाऱ्या माणसाच्या पोटातून तो धडधाकट बाहेर येतो आणि जगभरच्या सांडपाण्यात मुबलक सापडतो. सोलापुरी जेवणात तर त्याला तोटाच नाही. पण मेसमधल्या शेंगा-चटणीच्या पातेल्यांचे धुवण थेट चेंबरमध्ये येत असेल, तर कोणाच्याही पोटात न जाता तो विषाणू तिथे हजर होणार आणि मोजमाप फसणार.

नमुन्याचा दिवस आणि वेळ ठरवताना पाण्याचे वेळापत्रक समोर ठेवावे. पाणी येते त्या दिवशी दोनशे मुली साठलेले कपडे धुतात, न्हाणी-मोऱ्या घासल्या जातात, आणि चेंबरमधून साबणाचे पांढुरके पाणी वाहत राहते. त्या दिवशीचा नमुना इतका पातळ असतो की थोडाफार विषाणू त्यात सापडणारही नाही. शनिवार-रविवारी निम्म्या मुली गावी जातात. गड्ड्याच्या यात्रेच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत इमारत जवळजवळ रिकामीच असते. पाणी आल्यानंतरचा दुसरा किंवा तिसरा दिवस, आठवड्याच्या मधला आणि पहाटेपासून सकाळच्या वर्गापर्यंतची वेळ, ही आपल्या वसतिगृहासाठी योग्य ठरेल. आदल्या संध्याकाळपासून संडासांत फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नये, अशी सफाई कर्मचाऱ्यांना सूचना द्यावी. अन्यथा विषाणू चेंबरपर्यंत येण्याआधीच बराचसा नष्ट होईल.

बाटली बुडवून एकदाच भरलेल्या नमुन्यावर विसंबू नये. संसर्ग झालेली मुलगी दिवसातून एकदा संडासला जाणार, आणि ते पाणी चेंबरमधून दोन मिनिटांत पुढे निघून जाणार. बाटली त्याआधी किंवा नंतर भरली तर हाती काहीच लागत नाही. तासातासाला थोडे थोडे पाणी गोळा करणारी यंत्रे मिळतात, पण ती महाग असतात. त्याला जुना आणि स्वस्त पर्याय आहे. इंग्लंडमध्ये १९४८ साली ब्रेंडन मूर यांनी पॅराटायफॉइडचे वाहक शोधण्यासाठी गटारात दोरीला बांधलेली गॉजची घडी सोडून ठेवण्याची पद्धत वापरली. एक-दोन दिवस वाहत्या पाण्यात लटकलेली ती घडी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्याचा अंश धरून ठेवते. मग ती पिळून तेच पाणी तपासायचे. दोनशे जणींच्या वसतिगृहासाठी मला ही पद्धत अधिक योग्य वाटते. नमुना बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. सोलापूरच्या उन्हात, एसटीच्या टपावरून पार्सलने गेलेला नमुना तपासून कोणाचे भले होणार नाही.

हे काम करणाऱ्याच्या हातात लांब हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मुखपट्टी असावी, आणि सगळे काम वर उभे राहून, दोरीने व्हावे. कोणत्याही सबबीवर कोणालाही चेंबरमध्ये किंवा टाकीत उतरवू नये. तिथला वायू क्षणात जीव घेतो, आणि २०१३ च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवणे हा गुन्हा आहे. घडी अडकली तर ती सोडून द्यावी.

मजल्यागणिक नमुन्यांचा आग्रह धरला जात असेल तर तो मोडून काढावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माणसे जितकी कमी, तितके तपासणीचे बोट एकेका व्यक्तीकडे वळू लागते. दोनशे जणींच्या नमुन्यात विषाणू सापडला तर ती इमारतीची बातमी असते. तिसऱ्या मजल्यावरच्या वीस जणींच्या नमुन्यात सापडला तर रात्रीच्या जेवणाआधी ‘ती’ कोण, हे मुलींनी आपापसांत ठरवून टाकलेले असते, आणि ते बहुधा चुकीचे असते. ज्या मुलीची तब्येत जरा नरम आहे, जी गेल्या आठवड्यात गावी जाऊन आली, तिच्या ताटाशेजारी कोणी बसत नाही. शिवाय वैद्यकीय फायदा काय? एकच स्वयंपाकघर, एकच संप आणि एकच कूलर असताना मजला कळून उपाय बदलत नाहीत.

अहवाल वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. ‘आढळला नाही’ याचा अर्थ वसतिगृहात संसर्ग नाही असा होत नाही. मुली दिवसाचा बराच वेळ महाविद्यालयात असतात आणि तिथलीच स्वच्छतागृहे वापरतात. उलट ‘आढळला’ याचा अर्थ नवा संसर्ग असाही नेहमी होत नाही, कारण बऱ्या झालेल्या मुलीच्या विष्ठेतूनही काही आठवडे विषाणूचे अवशेष बाहेर पडू शकतात. इतक्या लहान समूहात आकड्यांच्या चढउतारावरून आलेख काढून निष्कर्ष सांगणाऱ्या प्रयोगशाळेपासून सावध राहावे. एका मुलीच्या जाण्या-येण्याने आकडा दहापट हलतो. सलग दोन नमुन्यांत विषाणू आहे की नाही, एवढेच विचारावे.

आता आपला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: सापडला तर काय करायचे? त्याच दिवशी दुसरा नमुना घ्यावा आणि दुसरा अहवाल येण्याची वाट न पाहता पाण्याची व्यवस्था कडक करावी, म्हणजे टाक्यांत क्लोरीन, उकळलेले पाणी, कच्ची कोशिंबीर आणि बाहेरून आणलेला बर्फ बंद. मेसमध्ये काम करणाऱ्यांची डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, कारण एका मुलीपेक्षा एका स्वयंपाक्याकडून संसर्ग कितीतरी जास्त ताटांत जातो. संडासानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुण्यावर भर द्यावा. नुसत्या सॅनिटायझरने हिपॅटायटिस ए किंवा नोरोविषाणू नीट मरत नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे. ते लपवण्याकडे संस्थांचा कल असतो, पण त्याच जलवाहिनीवर आजूबाजूच्या सोसायट्याही असतात, आणि पुरवठ्यातच दोष असेल तर तो शोधणे महापालिकेलाच शक्य आहे.

ज्यांना भूक मंदावणे, मळमळ, थकवा, गडद लघवी अशी लक्षणे असतील त्यांनी पुढे यावे, अशी सूचना लावावी, आणि त्यांच्या रक्ततपासणीचा खर्च संस्थेने उचलावा. पण मुली पुढे येतील का, हा खरा प्रश्न आहे. उपस्थिती कमी पडेल, अंतर्गत परीक्षा बुडेल, घरी कळले तर वडील शिक्षण थांबवून परत नेतील, अशा धास्तीने मुली ताप गोळीखाली दाबून वर्गात बसतात. आजारी मुलीची उपस्थिती कापली जाणार नाही आणि तिची अंतर्गत परीक्षा पुन्हा घेतली जाईल, असे लेखी पत्र प्राचार्यांकडून आधी मिळवावे. माझ्या मते, संपूर्ण योजनेतल्या कोणत्याही यंत्रापेक्षा या एका पत्राने अधिक मुली वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचतील. स्वतंत्र संडास असलेली एक खोली आजारी मुलींसाठी मोकळी ठेवावी. आणि घाबरून वसतिगृह रिकामे करू नये. संसर्ग झालेली, पण अजून ठणठणीत दिसणारी मुलगी घरी पाठवली तर विषाणू तिच्याबरोबर गावच्या आडापर्यंत जातो, आणि तिथे गर्भवती भावजय असेल तर ई प्रकारची कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते.

आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अतिशय नेमका आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे: सांडपाण्यातून पुष्कळ काही कळू शकते. युरोपातील अनेक शहरांत सांडपाण्यावरून अमली पदार्थांच्या सेवनाचा अंदाज नियमितपणे घेतला जातो. औषधांचे अंशही त्यात सापडतात. मुलींच्या वसतिगृहात या शक्यतेचा गैरवापर करण्याचा मोह कोणाला कधी होणारच नाही, असे मी आपल्याला सांगू शकत नाही. म्हणून करारातच लिहून घ्यावे की नमुना फक्त नाव घेऊन नमूद केलेल्या विषाणूंसाठी तपासला जाईल, त्यात मानवी जनुकांचे, औषधांचे किंवा अन्य कशाचेही परीक्षण होणार नाही, आणि उरलेला नमुना ठरलेल्या मुदतीत नष्ट केला जाईल. करार सुरू होण्याआधी मुलींची सभा घ्यावी, चेंबरची जागा दाखवावी आणि कराराची प्रत सूचनाफलकावर लावावी. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू भाषांतरही लावावे, कारण सोलापुरात त्याची गरज कोणाला समजावून सांगावी लागत नाही. दोन विद्यार्थिनींना देखरेख समितीवर घ्यावे आणि नमुना घेताना त्यांपैकी एकीला हजर राहू द्यावे.

प्रयोगशाळेची निवड करताना, ती विष्ठेतील विषाणूंची आरटी-पीसीआर तपासणी करते एवढ्यावर समाधान मानू नये. सांडपाण्यातून विषाणू एकवटून घेण्याची तिची पद्धत कोणती, मुद्दाम विषाणूचे ठरावीक प्रमाण मिसळलेल्या नमुन्यात तिला त्यातले किती सापडते, आणि नमुना हाती आल्यापासून अहवाल किती तासांत मिळेल, हे लेखी मागावे. उत्तर टाळले गेले तर तिथेच थांबावे. करार करण्याआधी डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र आणि जनऔषधवैद्यकशास्त्र विभागांना आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला एक पत्र जरूर लिहावे. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रकल्पाच्या निमित्ताने तीन-चार वसतिगृहे एकत्र येऊन हे काम करू शकली, तर खर्च विभागला जाईल आणि सगळ्यांचे लक्ष एकट्या आपल्या इमारतीवर राहणार नाही.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दर आठवड्याचे अहवाल टाकू नयेत. पालकांची काळजी खरी आहे, पण ‘आढळला’ हा एक शब्द अर्ध्या तासात नातेवाइकांच्या गटांतून फिरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींना न्यायला गाड्या फाटकाशी उभ्या राहतात. पालकांना सत्राच्या सुरुवातीला एक पत्र पाठवावे: तपासणी कशाची आहे, कशाची नाही, निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने कोण घेणार, आणि त्यांच्या मुलीशी थेट संबंधित काही असेल तर त्यांना कोण, कसे कळवणार. पाण्याच्या टाक्या कधी धुतल्या आणि क्लोरीनची चाचणी काय आली, हे मात्र त्या गटावर दर आठवड्याला खुशाल टाकावे. त्यावर पालकांनी प्रश्न विचारले तर ते आपल्या फायद्याचेच आहेत, कारण संपाच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करून घेताना मंडळासमोर आपल्याला त्यांचाच आधार लागणार आहे.